छबूताईंवरचा अर्ज

छबूताईंना मी आवडत नव्हते, आणि मलाही त्या आवडत नव्हत्या. पाच वर्षं आमच्या दोघींमध्ये कमरेएवढी एक भिंत होती. अलीकडे जिल्हा परिषदेची शाळा, तिथं मी शिक्षिका. पलीकडे अंगणवाडी, तिथं त्या सेविका. त्या भिंतीवरून आम्ही एकमेकींशी एकही गोड शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

गाव कर्जत तालुक्यातलं. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत, आणि माझं तिथलं सगळंच वागणं काही मिरवण्यासारखं नाही. माझी बदली त्या गावाला झाली तेव्हा माझी मुलगी ओवी सव्वादोन वर्षांची होती. नवऱ्याची नोकरी नगरच्या एमआयडीसीत, घर केडगावला. तो आठवड्यातून एकदा यायचा. मी, ओवी आणि सासूबाई शाळेच्या मागे दोन खोल्या घेऊन राहिलो.

तिसऱ्याच दिवशी छबूताईंची आणि माझी गाठ पडली. सकाळची वेळ होती. ओवी पायरीवर आडवी पडून किंचाळत होती. झगा ओढत होती, डोकं हलवत होती. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते. मूल हट्ट करत असताना त्याच्याकडे बघायचं नाही, त्या वेळी मागेल ते द्यायचं नाही, नाहीतर त्याला रडण्याची सवय लागते, असं मी मोबाईलवर पुष्कळ ऐकलं होतं आणि मला ते पटलंही होतं. शाळेत लवकर आलेली चार-पाच पोरं तमाशा बघत उभी होती. तेवढ्यात भिंतीवरून एक घोगरा आवाज आला.

"ओ मॅडम, पोरीला खायला घातलंय का?"

मी वळून बघितलं. पन्नाशी उलटलेली, उंच, काळी, हाडापेराची बाई. पदर कमरेला खोचलेला, हातात खराटा.

"हट्ट करतेय ती," मी म्हणाले. "शांत झाली की देणार आहे."

"म्हंजी आधी उपाशी रडायचं, मग उपाशीच गप बसायचं, आन मग खायला. शाळेतबी असंच शिकिवता व्हय?"

पोरं हसली. त्यातली दोन माझ्याच वर्गातली होती. त्या दिवशी मी या बाईला मनातून जी काढून टाकली, ती टाकलीच.

छबूताई हसायच्या नाहीत. अंगणवाडीच्या बाया मुलांना कडेवर घेतात, पापे घेतात, गाणी म्हणतात. छबूताई गाणी म्हणायच्या, पण हजेरी घेतल्यासारखी. मुलांना त्या नावानं कधी हाक मारत नसत, वजनानं मारत. "ए साडेनऊ, चप्पल घाल." "अकरा किलो, नाक पूस." दर महिन्याला काट्यावर मूल चढलं की त्याचं नाव बदलायचं. ज्याचं बदललं नाही त्याच्या आईची धडगत नसे. अख्ख्या आळीला कुणाचं पोर किती किलोचं ते ठाऊक असायचं, आणि आयांना त्याचा भयंकर राग यायचा. एकीनं एकदा तोंडावर सांगितलं, "माझ्या लेकाला नाव हाय."

"नाव दिलंय तुमी," छबूताई म्हणाल्या. "वजन कवा देनार?"

रडणारं मूल दिसलं की त्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून आतला रंग बघत. मग तळहात उलटा करून बघत. मग स्टीलच्या डब्यातून शेंगदाणा-गुळाचा लाडू काढून त्याच्या हातात ठेवत. हे लाडू त्या घरून करून आणायच्या, आणि रडणाऱ्या मुलाशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत. मी एकदा भिंतीवरून म्हटलं, "रडलं की लाडू मिळतो हे मुलांना कळलं तर?"

"कळू द्या की. भूक लागली हे बोलायला येईस्तवर त्यांनी रडायचं न्हाई तर काय करायचं? अर्ज लिवायचा?"

गावात बायका सांगत की छबूताईंचं एक मूल फार पूर्वी उपासमारीनं गेलं, म्हणून ही बाई अशी झाली. मला ते खरं वाटलं. काही दिवस मी त्यांच्याशी मऊ वागूनही बघितलं. एकदा धीर करून विचारलं, "ताई, तुमचं एक मूल गेलं म्हणे..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरले. "मला दोन ल्योक. एक पुन्याला, एक हितं. दोगंबी धडधाकट, आन दोगंबी माज्याशी बोलत न्हाईत. पोर मेलेलं असलं तरच बाईनं पोराकडं नीट बघायचं का?"

त्या चुकायच्याही. सुरेखा नावाच्या एका तरुण आईचा दीड वर्षांचा मुलगा दोन दिवस किरकिर करत होता, मधेच अंग ताठ करून ओरडत होता. छबूताईंनी नेहमीप्रमाणे निकाल दिला, पोर उपाशी आहे. सुरेखा रडून सांगत होती, "ताई, खात न्हाई तो, थुकून टाकतो." छबूताईंनी ऐकलं नाही. "तुला भरवायचा कटाळा," म्हणाल्या, आणि चार बायकांत तिचे वाभाडे काढले. स्वतः मांडीवर घेऊन त्याला जबरदस्तीनं खिचडी भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा कान फुटून वाहत होता. घास गिळताना कान ठणकत असणार त्याचा. सुरेखा ते दाखवायला मुद्दाम अंगणवाडीत आली. छबूताईंनी कान बघितला, खाली मान घालून कापसानं पुसला, आणि "डागदरकडं ने" एवढंच म्हणाल्या. चुकले म्हणाल्या नाहीत. मात्र त्या दिवसापासून रडणारं पोर हाती लागलं की त्या पापणीच्या आधी त्याचे कान दाबून बघायला लागल्या. सुरेखानं त्यांना माफ केलं नाही. मीही तिच्याच बाजूची होते.

आता अण्णांच्या नातवाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

अण्णा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. लिंबाची बाग, ऊस, दारात दोन म्हशी. त्यांचा नातू शिवांश दोन वर्षांचा, गुटगुटीत, गोरापान. सगळा गाव त्याच्या रंगाचं कौतुक करायचा. त्याच्या हातात दिवसभर दुधाची बाटली. भाकरी, डाळ, भाजी तो तोंडात धरत नसे, आणि कुणी धरायला लावतही नसे. मनासारखं झालं नाही की तो फरशीवर डोकं आपटायचा, श्वास कोंडून काळानिळा व्हायचा. मग घरातली सगळी धावायची आणि पुन्हा बाटली भरायची. नुसतं बसलेलं असलं तर पोरगं भिंतीचे पोपडे काढून खायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अण्णांच्या घरी पन्नासेक बायका जमल्या होत्या. मीही होते. शिवांशचा तमाशा चालू होता, आणि कुणीतरी म्हणालं, "रागीट हाय, पन दिसतो कसा गोरा!"

छबूताई हातात वाण घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोरा न्हाई त्यो, पांढरा हाय. रगत न्हाई त्याच्या अंगात. डोळं बघा त्याचं."

अण्णांची बायको म्हणाली, "दारात दोन म्हशी हायेत आमच्या. आन आमचा नातू उपाशी?"

"म्हशी हायेत म्हनूनच. नुसत्या दुधानं प्वाट भरतंय, रगत भरत न्हाई. माती का खातंय ते? त्यो राग न्हाई, त्यो आजार हाय. रगत तपासा त्याचं, आन ती बाटली फेका उकिरड्यावर."

हे सगळं खालच्या आवाजात, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. छबूताईंना ते कधीच जमलं नाही. अण्णांची सून घरात जाऊन रडली. वाण तसंच राहिलं.

चार दिवसांनी अण्णा शाळेत आले. सोबत कोरे कागद. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. जरा एक अर्ज लिवायचा."

अर्ज छबूताईंवर. मी लिहायला का बसले, तेही सांगायला हवं. आदल्याच दिवशी छबूताईंनी ओवीला काट्यावर ठेवलं होतं. दोन महिन्यांत तिचं वजन इकडचं तिकडं झालं नव्हतं. त्यावर त्या माझ्या सासूबाईंना म्हणाल्या होत्या, "तुमच्या सुनंला शाळा शिकवाया जमती. पोर जगवाया जमत न्हाई." सासूबाईंनी ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. मी रात्रभर तळमळले होते.

अण्णा सांगत गेले, मी लिहीत गेले. सेविका मातांशी अर्वाच्य भाषेत बोलतात. बालकांना वजनावरून हाका मारून त्यांची चेष्टा करतात. पाहुण्यांसमोर कुटुंबाची बदनामी करतात. इथपर्यंत सगळं खरंच होतं. मग अण्णा म्हणाले, "आन पुढं लिवा, बालकांवर हात उगारतात."

मी पेन थांबवलं. "मारतात?"

"लिवा ओ. एवढं असल्याबिगर वरचे हलत न्हाईत."

छबूताईंनी कुणा मुलाला चापट मारल्याचं मी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. तरी मी लिहिलं. खाली दहा सह्या झाल्या, त्यातली एक माझी.

अर्ज जाऊन आठवडा झाला असेल. सासूबाई केडगावला गेल्या होत्या. शनिवार, सकाळची शाळा. आदल्या संध्याकाळी ओवी न जेवताच झोपली होती. ती बऱ्याचदा तशीच झोपायची, आणि मी तिला उठवत नसे. सकाळी उठल्या उठल्या तिनं सुरू केलं. दुधाचा पेला उडवला, माझ्या हाताला चावली, दारात लोळण घेतली. मी नेमाप्रमाणे तिच्याकडे पाठ फिरवली आणि केस विंचरायला बसले. शाळेची वेळ होत आली होती. थोड्या वेळानं रडणं थांबलं. मला हायसं वाटलं. माझी युक्ती आज लागू पडली, असंच मनात आलं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात भिंतीवर धप्प आवाज झाला. छबूताई भिंत ओलांडून आल्या होत्या. त्या वयात, लुगडं आवरत. "आवाज का बंद झाला?" एवढं विचारून त्या सरळ ओवीपाशी गेल्या.

ओवी भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हती. थंडीच्या त्या दिवसांत तिच्या कपाळावर घाम होता. मान एका बाजूला कलत होती.

"साखर आन."

मी उभीच राहिले. मला काही समजेना.

"साखर आन म्हनते ना, बये!"

मी साखरेचा डबा आणला. छबूताईंनी ओवीला कुशीत तिरकी धरली, ओलं बोट साखरेत बुडवून तिच्या गालाच्या आतून चोळलं. थोडं थांबल्या, ती गिळते का ते बघितलं, पुन्हा चोळलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ओवीनं ओठ हलवले. मग साखरेचं पाणी चमच्यानं, अगदी थेंब थेंब. आणि मग ती रडली.

"रड," छबूताई म्हणाल्या. "रड, रड." मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा रागानं थरथरत होता. "रडत हुती तवर बरं हुतं, मॅडम. गप झाली तवा भ्यायचं असतं."

मी ओवीला उचलून घेतलं. त्या म्हणाल्या, "आजच्या आज नगरला न्या. सांगा, सकाळी उपाशीपोटी पोर अशी झाली, घाम आला, साखर दिल्यावर शुद्धीवर आली. रगतातली साखर तपासा म्हनावं. ताकदीच्या गोळ्या घेऊन परत येऊ नका." मुख्याध्यापकांना निरोप द्यायला त्याच गेल्या. नवऱ्याला फोन मी लावला, पण काय झालं ते माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनीच सांगितलं, आणि त्यालाही दोन शब्द सुनावले.

नगरला बालरोगतज्ज्ञांनी ओवीला दोन दिवस ठेवून घेतलं. रक्त, लघवी, पुष्कळ तपासण्या केल्या. म्हणाले, काही बारीक मुलांमध्ये पोट फार वेळ रिकामं राहिलं की रक्तातली साखर खाली जाते. दुसरा काही आजार नाही ना ते बघावंच लागतं, हिच्यात तसं दिसत नाही. वय वाढेल तसं बहुधा कमी होईल. तोवर झोपण्याआधी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, उठल्यावर लगेच खायला, आणि आजारी पडली, उलट्या झाल्या तर घरी थांबायचं नाही. मी विचारलं, "म्हणजे तिचं रोजचं रडणं, तो हट्ट नव्हता?"

"सगळंच रडणं भुकेचं नसतं," ते म्हणाले. "हट्टही करेल ती, मूलच आहे. पण सकाळचा हा हट्ट नव्हता. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"शेजारच्या एका बाईंच्या," मी म्हणाले. नाव माझ्या तोंडातून निघालं नाही.

परत आल्यावर आभार मानायला गेले, तर त्या धान्य निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाई केलं." मी तशीच परतले. अर्जाबद्दल त्यांना सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं नाही.

मग चौकशी लागली. कर्जतहून अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका आल्या. अंगणवाडीच्याच खोलीत सतरंज्या टाकून बैठक. अण्णा, शिवांशला कडेवर घेऊन त्यांची सून, सह्या करणारे सगळे, आणि एका कोपऱ्यात छबूताई. पर्यवेक्षिकांनी अर्ज मोठ्यानं वाचला. एकेका मुद्द्याला छबूताई मान हलवत होत्या. "व्हय, बोलले. व्हय, तेबी बोलले. वजनानं हाक मारते, खरं हाय." शेवटचा मुद्दा आला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"हात उगारते, हे कुनी पाहिलं?"

पर्यवेक्षिकांनी एकेकाला विचारलं. कुणी छताकडे बघितलं, कुणी अण्णांकडे. एकजण म्हणाला, आधीच लिवलेलं हुतं, आमी सही केली.

"हे अक्षर कुणाचं?" पर्यवेक्षिकांनी विचारलं.

"मी वळखते," छबूताई म्हणाल्या. "शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार ह्याच अक्षरात असतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. म्हणाले, "मी पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. ते खोटं आहे. माझी तक्रार मी मागे घेते."

अण्णांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. त्यांच्या घरातलं कुणी त्यानंतर माझ्याशी बोललं नाही.

"मागं कशाला घेता?" छबूताई म्हणाल्या. "बाकीचं खरंच लिवलंय की. राहू द्या."

पर्यवेक्षिकांनी ते वाक्य खोडलं. बाकीच्यासाठी छबूताईंना लेखी ताकीद मिळाली. मातांशी सौजन्यानं वागावं. ती त्यांनी सही करून घेतली. जाता जाता पर्यवेक्षिकांनी शिवांशची पापणी स्वतः ओढून बघितली आणि अण्णांच्या सुनेला कर्जतला सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. रक्त खरोखरच फार कमी निघालं. औषध सुरू झालं, बाटली सुटली, पुढच्या काही महिन्यांत पोर भाकरी खायला लागलं आणि डोकं आपटणं कमी होत गेलं. अण्णांच्या घरी सांगत, पर्यवेक्षिका मॅडममुळे कळलं.

ताकीद मिळाल्यापासून छबूताई आयांशी बोलेनाशाच झाल्या. शिवी नाही, सल्ला नाही. मूल काट्यावर ठेवायचं, वहीत लिहायचं, उतरवायचं. आया आधी खूश झाल्या. मग हळूहळू एकेक जण विचारू लागली, "ताई, कसं हाय वजन? काय तरी बोला की." त्या वहीवर बोट ठेवून दाखवायच्या. सुरेखासुद्धा एकदा दारात उभी राहून म्हणाली, "शिव्या द्या, पन सांगा." त्यांनी ते सौजन्य वर्षभर नेटानं पाळलं. गावाला दिलेली सगळ्यात कडक शिक्षा होती ती.

पुढं माझी बदली केडगावजवळ झाली. ओवी आता पाचवीत आहे, अजून बारीकच आहे, पण तसा त्रास पुन्हा झाला नाही. छबूताई निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं.

मागच्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी कर्जतला गेले होते. परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत होते, तर शेडमध्ये बाकाच्या एका टोकाला छबूताई. केस पांढरे झालेले, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मला ओळखलं हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. अर्धा तास आम्ही दोघी रस्त्याकडे बघत होतो. ऊन वाढत होतं. शेवटी मीच म्हणाले, "ताई, तो अर्ज..."

"नऊ जनांनी न वाचता सही केली," त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या. "तुमी लिवून केली."

"पण मी सांगितलं ना नंतर. सगळ्यांसमोर सांगितलं."

"व्हय. विचारल्यावर."

एवढ्यात गाडी आली. त्या उठल्या. पिशवी जड दिसत होती, मी हात पुढं केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दांडीला धरून सावकाश चढल्या. खिडकीशी बसल्या ते पलीकडच्या बाजूला.

गाडी नगरचीच होती आणि आत जागाही होती. कंडक्टरनं दार धरून मला विचारलं, "चढताय ना बाई?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसले.